अहो, रिलॅक्स!

चहात साखर कमी पडली म्हणून शशिकांतरावांनी बशी आदळली, आणि हेमलताबाईंच्या तोंडून निसटलंच, "अहो, कूल डाऊन! जस्ट रिलॅक्स!"

इंग्रजीच्या क्लासात कालच घोकून घेतलेली वाक्यं ती. नाहीतर तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला नुसतं "पुरे" म्हणायचीही त्यांची छाती झाली नव्हती. आता आपलं काही खरं नाही, म्हणून त्या पदर मुठीत धरून उभ्या राहिल्या.

शशिकांतराव मात्र खुलले. "अगं, काय फाडफाड बोललीस! तुला क्लास लावला त्याचं चीज झालं."

रविवारी नवे व्याही आले. चहा फक्कड जमला होता; विहीणबाईंनी आणखी अर्धा कप मागून घेतला. तरी शशिकांतरावांनी मुद्दाम आवाज चढवला, "हा काय चहा? नुसतं फुळकवणी!" मग बायकोकडे कौतुकाने बघत हळूच म्हणाले, "बोल ना, त्या दिवशीसारखं!"

हेमलताबाईंनी ट्रे खाली ठेवला. क्लासात शिकवल्याप्रमाणे आधी एक खोल श्वास घेतला आणि स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "गप्प बसा."