नर्सबाईची जागा

विजयमाला नर्सने कृष्णातला एका हाताने कुशीवर वळवलं, दुसऱ्या हाताने अंगाखालची चादर ओढून काढली आणि धुतलेली सरकवली. कृष्णात साधा कण्हलाही नाही. पेजेची वाटी घेऊन दारात उभ्या असलेल्या अंजनाला नेमकं तेच सललं. ती कधी चादर बदलायला गेली की तो ओरडायचा.

"बघितलंस?" कृष्णात म्हणाला. "बाईंच्या हाताला कसब हाय. जरा जवळ येऊन बघ की."

"मला कामं हायती," म्हणत अंजनाने वाटी खाली आपटली.

गुळाच्या ढेपा भरलेल्या गाडीवरून कृष्णात पडला त्याला तीन महिने झाले होते. कमरेखालचं अंग गेलं होतं. सांगलीच्या दवाखान्यात दोन महिने काढून तो कराडजवळच्या आपल्या गावी आला, तो पाठीवर जखमा आणि सोबत ही नर्स घेऊनच. दिवसाला दोन रुपये आणि दोन वेळचं जेवण. धाकटा भाऊ आकाराम, आता सगळी शेती बघणारा, कुरकुरला होता.

"घरात वैनी असताना भाड्याची बाई कशाला, दादा?"

"माझ्या वाटणीच्या गुळातनं देतो."

"बरं. तू हाईस तवर चालू दे तुमचं."

अंजना लोणंदच्या शाळामास्तरांची लेक, मराठी सातवी पास. लग्नाला आठ वर्षं झाली, पदरी मूल नव्हतं. नर्स तिच्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. पांढरं पातळ, मनगटावर घड्याळ. नाडी बघताना ती कृष्णातचा हात धरून घड्याळाकडे बघत राहायची, आणि अंजना त्या दोघांकडे.

एका दुपारी माजघरात ज्वारी पाखडताना तिला भिंतीपलीकडून बोलणं ऐकू आलं.

"दवाखान्यात पगाराचे किती पडतात, बाई?" कृष्णात विचारत होता.

"महिना पस्तीस. असं कुणाच्या घरी राहून केलं की साठापर्यंत जातात."

"आन् त्याच्या वर?"

"बाळंतपणाची परीक्षा दिली की आणखी वाढतात. मी पुढच्या वर्षी देणार आहे."

"एकट्या बाईला ऱ्हायला खोली मिळती का?"

"मिळते की. दवाखान्याच्या आवारातच. तिथं कुणाची मिंधी व्हायला नको."

"हे बेस हाय," कृष्णात म्हणाला.

अंजनाच्या हातातलं सूप थांबलं. अंथरुणाला खिळलेला माणूस परक्या बाईची कमाई कशाला विचारतो? खोली कशाला विचारतो?

त्या दिवसापासून ती नर्सला चिकटूनच राहू लागली. या बाईचा एकेक हात नवऱ्याच्या अंगावरून काढून घ्यायचा, असं तिने मनाशी ठरवलं.

आधी चादर घेतली. मग जखमा. नर्स कंट्रोलचं रॉकेल स्टोव्हात ओतून चिमटे उकळायची. ते काम अंजनाने ओढून घेतलं.

"हात कोपरापर्यंत धुवा, वैनी. धुतले? पुन्हा धुवा."

पहिल्या दिवशी जखमेचा वास अंजनाच्या नाकात भरला. पण या बाईसमोर तोंड फिरवायचं नव्हतं. आठ दिवसांत ती पट्टी एकटी बदलू लागली. ताप बघून कागदावर मांडू लागली. रबरी नळीने लघवी काढायची वेळ आली की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ते काम तिने हिसकावलंच.

नर्स कधी कौतुक करायची नाही. "चुकलात," एवढंच म्हणायची. अंजना इरेला पेटून दुसऱ्यांदा करायची, तिसऱ्यांदा करायची.

"सुईबी मीच टोचणार," एक दिवस ती म्हणाली.

"ते सोपं नाही, वैनी."

"टोचू द्या तिला," कृष्णात म्हणाला. "माझी मांडी तशीबी मेलेलीच हाय."

तो आणि नर्स हसले. अंजना हसली नाही. तिची सुई मात्र सरळ गेली.

वैशाखात कृष्णातला हुडहुडी भरून ताप येऊ लागला. गालफडं बसली. अंजना आत गेली की दोघं बोलता बोलता गप्प व्हायची. एकदा तर नर्सने डोळे पुसलेले तिने पाहिले.

ज्येष्ठ लागला आणि तिने नर्सला सरळ सांगून टाकलं, "उद्यापासनं तुमची गरज न्हाई. तुमी करता ते समदं मला येतंय."

नर्सने कृष्णातकडे बघितलं. "खरंय," ती म्हणाली. "वैनींना सगळं येतंय."

"मग जाऊ द्या," कृष्णात म्हणाला आणि त्याने भिंतीकडे मान वळवली. चादरीचं टोक त्याने डोळ्यांना लावलं. ही बाई निघाली म्हणून नवऱ्याला रडू येतंय, हे बघून अंजनाची रात्रभर आग आग झाली.

सकाळी ट्रंक उचलण्याआधी नर्स त्याच्या उशाशी वाकली. कृष्णातने उशीखालून एक पाकीट काढलं. तिने ते झटकन पिशवीत घातलं.

अंजनाने दाराच्या फटीतून सगळं पाहिलं. नर्स सडकेवर सर्व्हिस मोटारीची वाट बघत उभी राहिली, तोवर ती धापा टाकत तिथे पोचली.

"काढा ते पाकीट."

"वैनी, आत्ता नको."

"माझ्याच घरात खाऊन माझ्याच नवऱ्याची चिठ्ठी नेता व्हय?"

"ते माझं नाही, वैनी," नर्स हळूच म्हणाली. पण तिने पिशवी मागे घेतली नाही.

अंजनाने पाकीट ओढलं आणि टरकन फाडलं. आत दवाखान्याच्या नर्सिंग शाळेचा छापील अर्ज होता. अक्षर कृष्णातचं होतं. झोपून लिहिल्यामुळे ओळी खाली उतरत गेल्या होत्या.

उमेदवाराचं नाव: अंजना कृष्णात माने. वय: चोवीस. शिक्षण: मराठी सातवी पास. अनुभव: घरी रोग्याची शुश्रूषा, तीन महिने.

'विवाहित की विधवा' यापुढे त्याने 'विधवा' लिहिलं होतं. त्याखालची, पतीच्या मृत्यूच्या तारखेची ओळ तेवढी कोरी सोडली होती.