तोरू जिंकली तर

"तोरू जिंकली, तर मुकाट्याने ऑपरेशनला चलायचं. शब्द दिलाय तुम्ही, आबा!" उलानने बापाला बजावलं.

"आणि हरली, तर दवाखान्याचं नाव काढायचं नाही. मी मेल्यावर चाळिसाव्या दिवशी तीच घोडी कापायची, गावजेवण घालायचं." म्हातारा कालमुरात हसला आणि त्याला धाप लागली.

कोचकोरच्या माळावर घोड्यांच्या शर्यतीला सगळं खोरं लोटलं होतं. पहिलं बक्षीस नवीकोरी मोटार! सरकारी विम्यात फुकट मिळायची ती खाट आणि पातळ सूप. हृदयाची झडप ज्याची त्याने आणायची. घोडी विकून अर्धाच खर्च निघाला असता, मोटार विकून सगळा.

काल म्हाताऱ्याने स्वतःच तोरूला इथे आणून पोचवलं होतं. आता तिची जुनी म्होरकी मांडीवर घेऊन बसला होता.

"ही कशाला?" उलान म्हणाला. "विकलेल्या गाईंच्या म्होरक्यासुद्धा खुंटीला टांगता. जुन्या दोरांचं दुकान काढा!"

"बरकत असते रे त्यात."

सायरागुल आपाने लेकाला घोडीच्या दुधाचा आंबट कुमीस ओतला, तो थेट त्याच्या गुडघ्यावर.

"अगं आपा!"

"गर्दीत धक्का लागला बाळा. कोण पुढे आहे?"

"धूळ पुढे आहे!"

धुळीतून घोडे सुटले. तोरू चौथी. वळणावर तिसरी. मग दुसरी! माळ पेटला. सगळ्यांत मोठा आवाज कालमुरातचा.

"घाल मुसंडी, पोरी!"

"आबा, तुम्हाला हरायचंय ना?"

"गप रे! माझ्या हातची घोडी आहे ती!"

मानेएवढ्या अंतराने तोरू जिंकली. उलानने बापाला उचलूनच घेतलं. दोघेही रडत होते.

"हरलात, आबा! आता चला!"

भोंगा खरखरला. "पहिली, तोरू! मालक, चोलपोन गावचे साग्यनबेक!"

"चुकलं बघा त्यांचं," म्हणत उलान मंचाकडे निघाला. बापाने त्याची बाही धरली आणि म्होरकी त्याच्या हातात दिली.

"नाही चुकलं. कालच विकली मी तिला."

"आणि पैसे?"

कालमुरातने हनुवटीने दाखवलं. सायरागुल आपा रिकाम्या माळाकडे तोंड करून टाळ्या वाजवत होती.

"मंगळवारी तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे. मी जायच्या आत तिने मला एकदा धड पाहावं."