ओट्याखालचा खण

“मधे नाही आई. डाव्या कोपऱ्यात. अंगठ्यानं दाबा आणि सोडून द्या.”

गोदूबाईंनी दाबलं, सोडलं. टक् असा आवाज झाला आणि ओट्याच्या तळाची पट्टी दोन बोटं पुढे आली.

“आगं बया!” गोदूबाई मागेच सरकल्या. मग तोंडाला पदर लावून हसल्या. “परत करू?”

“करा ना.”

त्यांनी पाच वेळा केलं.

सोनिया उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये, एका किचन ट्रॉल्या बनवणाऱ्या दुकानात कामाला होती. वडील सुतार, त्यामुळे हात लहानपणापासून बसलेला. मोरिवलीत लग्न होऊन आली त्याला आठ महिने झाले होते, आणि आठ महिन्यांत या घरात कोणी तिला साधा खिळासुद्धा ठोकायला सांगितला नव्हता. आज तिची सुट्टी. सकाळी नवरा, सुजित, कंपनीत गेला. सासरे हरिचंद्र टेम्पो घेऊन बाहेर पडले. त्यांची पाठ फिरताच सासूबाई, गोदूबाई, तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या होत्या, “पोरी, दागिनं ठेवायला एक चोरखण करशील? कोनाला कलता कामा नये. चारच्या आत पायजे.”

सोनियाला हर्षच झाला. कपाटात नको, पलंगात नको, तिथे सगळेच बघतात. ट्रॉल्यांच्या खाली, जमिनीलगत जी पट्टी असते तिच्यामागे चांगली वीतभर जागा फुकट जाते. झुरळांशिवाय तिकडे कोणी फिरकत नाही. तिने माप घेतलं, प्लायचे तुकडे कापले, आतून लाल मखमल चिकटवली. ड्रिल मशीनचा आवाज कोणाला ऐकू जायची भीती नव्हती. भिंतीपलीकडच्या कारखान्याचा खडखडाट त्याहून मोठा होता.

काम करताना तिच्या डोळ्यांसमोर सासूबाईंची पुतळ्यांची माळ होती. तिने ती लग्नातल्या जुन्या फोटोत पाहिली होती. आज प्रत्यक्ष हातात घ्यायला मिळणार होती.

तीन वाजता खण चॅनलच्या रुळांवर बसला. आता फक्त पट्टीचा शेवटचा स्क्रू राहिला होता. तेवढ्यात बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला.

“आले!” सोनिया पुटपुटली.

पट्टीच्या उजव्या बाजूला फट दिसत होती. लादीवर भुसा पडलेला. गोदूबाई एका क्षणात उठल्या, मेथीची जुडी घेतली आणि फतकल मारून बरोबर भुशावर बसल्या. लुगडं चारी बाजूंनी पसरलं. सोनियाने ड्रिल पिठाच्या डब्यामागे सरकवलं.

हरिचंद्र आत आले. माठातलं पाणी घेतलं आणि ओट्याला टेकून प्यायला लागले. चपलेचं टोक थेट पट्टीला टेकलेलं. तो डावा कोपरा तिथून जेमतेम वीतभर.

“वास कसला येतो गं?”

“झुरलांचं औषध मारलंय सूनबाईनं,” गोदूबाई मेथी निवडत म्हणाल्या. “जास्त वेल उभं नका राहू. चक्कर येल.”

हरिचंद्रांनी पाय हलवला. चपलेचं टोक पट्टीवरून कोपऱ्याकडे घसरत गेलं, घसरत गेलं, आणि तिथेच थांबलं. त्यांनी पेला ठेवला. “एक फेरी बाकी आहे. पाचला येतो,” म्हणून ते निघून गेले.

टेम्पोचा आवाज गल्लीच्या टोकाला विरला. मग गोदूबाईंना हसू फुटलं. सोनियालाही. हसता हसता ती लादीवर आडवी झाली. आठ महिन्यांत सासूबाईंना असं हसताना तिने पाहिलं नव्हतं.

तिने शेवटचा स्क्रू पिळला. भुसा झाडला, फडकं मारलं. दारात उभं राहून पाहिलं, खाली बसून पाहिलं. काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मग तिने कोपरा दाबला. टक्. लाल मखमलीचा लांबट खण अलगद बाहेर आला.

“आई, आणा आता. आधी माळ आणा, मला बघायचीय.”

गोदूबाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी मखमलीवरून एकदा हात फिरवला.

“पयला टेम्पो घेतला तवा माल गेली. बोर मारली तवा पाटल्या गेल्या. वज्रटीक कशात गेली, ते मना अजून ठावं नाय. कपाट उघडायचं नि न्यायचं. कोनी इचारलं नाय, मी बी कवा बोलले नाय.”

सोनिया उठून बसली. “मग आई, ही एवढी घाई कशासाठी केली आपण?”

“काल तुझा सासरा मना इचारीत व्हता, सूनबाईच्या पाटल्या किती तोल्याच्या.” गोदूबाईंनी तिच्या केसांतला भुसा झटकला. “जा, पाच वाजायच्या आत तुझा दागिन्यांचा डबा आन.”