भट्टीचं दार

भिलाईजवळच्या हथखोजच्या कारखान्यात सगळे टेबलाभोवती जमले होते. विमानाच्या इंजिनातलं एक पातं चाचणीसाठी भट्टीत तापवलं होतं. बाहेर काढलं, तर त्याच्यावरचा पांढरा लेप पापुद्र्यासारखा सुटून खाली पडला.

"हे कशानं झालं?" मालकांनी विचारलं.

चाचणी सुजाताची होती. कारण तिला ठाऊक होतं. आतला धातू आणि त्याला आगीपासून जपणारा लेप, निवताना सारखे आकसत नाहीत. म्हणून भट्टी हळूहळू निवू द्यायची असते. तिने घाईत दार उघडलं होतं.

"लेपाचा फवारा एकसारखा बसला नाही," ती म्हणाली. "शामरावकाकांचा हात आता थरथरतो."

पात्यांवर लेप फवारणारे शामराव तिथेच उभे होते. तिच्या बाबांबरोबर ते भंडाऱ्याकडून भिलाईला आले होते. या कारखान्यात तिच्यासाठी शब्द टाकला होता तो त्यांनीच. ते आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी ते कामावर आले नाहीत. त्यानंतरही नाहीत. शेवटी मालकांच्या खोलीत जाऊन सुजाताने खरं काय ते सांगून टाकलं. मालक भडकले, वाट्टेल ते बोलले, आणि म्हणाले, "आधी त्यांना घेऊन या."

ती तशीच कोहक्याला त्यांच्या घरी गेली. शामराव अंगणात खाटेवर बसले होते.

"काका, दार मी लवकर उघडलं होतं. तुमची काहीच चूक नव्हती. मी खोटं बोलली."

शामराव हसले. "मले बरं वाटावं म्हणून सांगून राहिली ना? लहानपणापासून अशीच हायेस तू."

"खरंच काका. मालकालेबी सांगितलं मी. तुमाले बोलावलं त्यायनं."

"नाही बेटा. तुयावर राग नाही माया. त्या विमानात माणसं बसतात. कोणीतरी सांगाले पाहिजेच होतं, तू सांगितलं. मी आता फवारा नाही धरत."

ती परत परत सांगत राहिली. ते मान हलवत राहिले.

त्यांच्या बायकोने, मैनाबाईंनी चहा आणला. शामरावांनी काठोकाठ भरलेली कपबशी उजव्या हाताने उचलून सुजातापुढे धरली. बशीत एक थेंबही सांडला नाही.

"पाह्य," ते म्हणाले, "कसा थरथरते."