उत्तराची पानं

तिसरं कपाटही उपसून झालं आणि अनुवादिका जमिनीवर फतकल मारून बसली. तिला आता सरळसरळ राग येत होता, आणि ज्यांच्यावर काढावा ते समोर नव्हते. सरांना जाऊन वर्ष होत आलं होतं.

सर अर्थशास्त्रज्ञ. शहराचं पाणी कंपनीच्या हाती द्यायचं नाही, हे त्यांनी जन्मभर लिहिलं आणि वेळ पडली तेव्हा रस्त्यावर उतरूनही सांगितलं. अनुवादिका त्यांची विद्यार्थिनी. घोषणा देऊन तिचाही घसा बसला होता. आणि त्यांच्या अप्रकाशित हस्तलिखितांतलं जे शेवटचं बाड तिने इंग्रजीत नेलं होतं, त्यात पानोपानी पाणी विकायलाच हवं, असं सिद्ध केलेलं होतं. तेही इतकं चोख, की भाषांतर करताना तिचीच मान हलायची.

सुरुवातीला ती घाबरली नव्हती. सरांची पद्धत तिला ठाऊक होती. ते आधी समोरच्याची बाजू लिहीत, त्याला स्वतःलाही जमणार नाही इतकी भक्कम, आणि मग उत्तर लिहायला घेत. ज्याचं म्हणणं तुला त्याच्याहून बरं मांडता येत नाही त्याला खोडायच्या भानगडीत पडू नकोस, असं वर्गात बजावत. म्हणजे उत्तराची पानं असणारच. ती सापडत नव्हती, आणि इथेच घोडं पेंड खात होतं.

परदेशातल्या प्रकाशकाचं काहीच अडलं नव्हतं. तो खूश होता. अखेरीस सरांचं मत पालटलं, असं तो मुखपृष्ठावरच छापणार होता. सरांच्या मुलाचीही त्याला ना नव्हती. बाबांचं नाव जगभर होतंय, तू कशाला मोडता घालतेस, असं त्याने सकाळीच तिला फोनवर ऐकवलं. उत्तर दाखव, प्रकाशकाला सांगून छपाई थांबवतो, म्हणाला. नाहीतर उद्या पुस्तक जाणार.

सरांच्या पत्नी दारात उभ्या राहून पसारा बघत होत्या. माळ्यावर काही असेल का, असं तिने त्यांना विचारलं. माळा मागच्याच महिन्यात झाडला, म्हणाल्या, जुन्या गाद्यांशिवाय काही निघालं नाही.

"मग सरांनी उत्तर लिहिलं कुठे, काकू?" तिचा आवाज चढला. "असं अर्धवट सोडून जाणारा माणूस नव्हता तो. लोक म्हणतील, म्हातारपणी विकला गेला. आणि तसं म्हणायची सगळी सोय मीच इंग्रजीत करून ठेवलीय."

काकू पलंगाच्या कडेवर टेकल्या. समोरच्याची बाजू लिहून झाली की या घरात कुणाची धडगत नसायची, त्या सांगू लागल्या. भरल्या ताटावरून उठायचं, खोलीत येरझारा घालायच्या, मुलांवर खेकसायचं. बायकोशी तर तोंडदेखलंही बोलणं नाही. उत्तर कागदावर उतरेपर्यंत हाच तमाशा, आणि संसारात तो एकदाही चुकला नाही.

"आणि या वेळी?"

"या वेळी शेवटचं पान लिहिलं, पेनाला टोपण लावलं आणि पोटभर जेवले," काकू म्हणाल्या. "पुढे दोन महिने होते ते. रोज शांत झोपायचे. जागी मी असायचे."