रेषेवर पाय

"चार वर्षं तुमी हितंच हाय ना, सर? तेवढं एकदा सांगा. मग पोरगं तुमचं."

रसूलभाईंनी वेल्डिंगचा काळा चष्मा कपाळावर सरकवला आणि ते बारामतीच्या कॉलेजात बास्केटबॉल शिकवणाऱ्या खलाटे सरांच्या तोंडाकडे बघत राहिले. अंथुर्ण्याच्या रस्त्याकडेला त्यांचे दुकान होते, मागे घर. उसाच्या ट्रॉल्या तिथे जोडल्या जात. दाराशी त्यांचा सद्दाम उभा होता, चौकटीला डोके लागू नये म्हणून मान तिरकी करून. समोरच्या खांबावर बापाने सळई वाकवून केलेली रिंग होती. नुकतीच बारावी झालेल्या या मुलाला पुण्याचे एक कॉलेज आपल्या संघासाठी राहण्याजेवणासकट न्यायला तयार होते.

"पुण्याची मानसं लई ग्वाड बोलत्यात," रसूलभाई म्हणाले. "मला ग्वाड नको. खरं बोलनारा पायजे."

सरांच्या शेजारी बसलेल्या ऋषिराजने मान खाली घातली. सरांच्या खरेपणाची ख्याती त्याच्याच अंगावरून पुढे गेली होती. तीन वर्षांपूर्वी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात शेवटची बास्केट त्याने केली होती. बारामतीचा त्यांचा संघ एका गुणाने जिंकला. पोरांनी त्याला खांद्यावर उचलले, आणि नेमका त्याच वेळी सरांनी हात वर केला. "उडी घेताना याचा पाय बाहेरच्या रेषेवर होता," ते पंचांना म्हणाले. पंचांना ते दिसले नव्हते. कोणालाच दिसले नव्हते. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या सरांना दिसले होते.

बास्केट बाद झाली, करंडक गेला. विद्यापीठाच्या संघात येऊ घातलेले ऋषिराजचे नावही गेले. पण त्या दिवसापासून कऱ्हाटीपासून अंथुर्ण्यापर्यंतचे आईबाप आपली मुले डोळे झाकून सरांच्या हवाली करू लागले. सर शिव्या घालत, पाठ कधी थोपटत नसत; तरी मुले येत. संघ उभा होता तो या एका माणसाच्या शब्दावर. शिक्षण संपल्यावर ऋषिराज त्यांचाच सहायक झाला. त्याने त्यांना क्षमा केली नव्हती, आणि त्यांना सोडून जाणेही त्याला जमले नव्हते.

आता तेच डोळे चालले होते. आधी नजरेच्या कडा जातील, मग मधले दिसणेही, असे पुण्याच्या डॉक्टरांनी गेल्या आठवड्यात सांगितले होते. फार तर एखादे वर्ष, मग मैदानही सुटणार. ते ऐकायला सरांबरोबर फक्त ऋषिराज होता. तिसऱ्या कोणाला याची वार्ता नव्हती. इकडे प्राचार्यांनी बजावले होते की, या जूनला नवा संघ उभा राहिला नाही, तर खेळ बंद आणि मैदानावर गाड्या लागतील. सद्दाम आला तर त्याच्यामागे बाकीची मुले येणार होती. तो गेला तर कोणीच येणार नव्हते.

सद्दामच्या आईने, शमशादभाभींनी, चहा आणून स्टुलाच्या कडेला ठेवला. सरांचा हात कपाच्या अलीकडेच हवेत चाचपडला. ऋषिराजने कोणाच्या ध्यानात येणार नाही अशा बेताने कप त्यांच्या बोटांशी सरकवला.

"बोला की, सर," रसूलभाई म्हणाले.

"हाय की," सर म्हणाले. "चार वर्षं हितंच. जातोय कुठं?"

आणि बोलून होताच त्यांनी मान वळवून ऋषिराजचा चेहरा शोधला. सापडल्यावर त्यावर नजर रोवून ते थांबले. ऋषिराजने आपली नजर चहात बुडवली.

"मुबशिरा, साखर आण गं!" रसूलभाईंनी आतल्या लेकीला हाक दिली. "आन सद्दाम, ऐकलंस का? आता सर तुला बडवून काढत्याल. मी मधी पडनार न्हाय, आधीच सांगून ठिवतो." सद्दाम हसला, आणि हसता हसता त्याचे डोके चौकटीवर आपटले.

परतीच्या वाटेवर गाडी ऋषिराज चालवत होता. ऊन कलले होते. दोन्ही अंगांनी ऊस निश्चल उभा होता. संघ वाचला होता. पण ऋषिराजला हलके वाटत होते ते निराळ्याच कारणाने. एवढा मोठा माणूस, तोही अखेर रेषेवर पाय ठेवून गेला. तीन वर्षे छातीवर असलेला दगड कोणीतरी हळूच बाजूला केल्यासारखे त्याला वाटले, आणि त्या सुखाची त्याला थोडी लाजही वाटली.

"गाडी बाजूला घे," सर म्हणाले.

त्याने गाडी थांबवली.

"आज माझा पाय रेषेवर होता."

"ठाऊक आहे, सर."

"मी थांबलो हुतो. म्हटलं, तू तरी हात वर करशील."

ऋषिराजच्या हातांनी स्टिअरिंग घट्ट धरले.

"वळव गाडी. माघारी चल."

"सर, आता माघारी गेलो तर पोरगं जाईल. संघ जाईल. तुमचं इतक्या वर्षांचं सगळं जाईल. आणि कुणाला काय दिसलंय?"

सर समोर बघत होते. रस्त्याच्या कडेचा ऊस त्यांच्यापुरता केव्हाच मावळला होता. उरली होती ती मधली डांबराची पट्टी.

"माझं डोळं जायला अजून वरीस हाय, ऋषिराज," ते शांतपणे म्हणाले. "तुझं कवा गेलं?"