ओडेलाबाईंची अकरा मतं

मतपत्रिका हातात पडली आणि मर्ल प्रुएटची बोटं थरथरायला लागली.

"बाई, उत्तरापुढचा गोल नीट भरता नाही आला तर?"

"बहात्तर वर्षांचा घोडा झालास तू," ओडेलाबाई म्हणाल्या. "जन्मभर ट्रॅक्टर खोलून जोडलेस. एका गोलाला घाबरतोस?"

हॅस्केट गावच्या वृद्धाश्रमात जेवणाच्या टेबलाभोवती अकरा जण बसले होते. मतदान केंद्रापर्यंत जाणं त्यांना झेपत नव्हतं, म्हणून मतपत्रिका टपालानं आल्या होत्या. अकराही जण कधी ना कधी बाईंच्या तिसरीच्या वर्गात होते. बाई आता अठ्ठ्याऐंशीच्या. पण त्या खोलीत आल्या की हे सगळे अजून पाठ ताठ करून बसायचे.

प्रश्न गावच्या प्राथमिक शाळेचा होता. छप्पर इतकं गळत होतं की तिसरीची मुलं भोजनगृहात, भांड्यांच्या खणखणाटात वाचायला शिकत होती. वाचनात हॅस्केटची शाळा जिल्ह्यात तळाला. शाळामंडळानं दोन वर्षं हातपाय मारले, वाचनासाठी वेगळ्या शिक्षिका नेमल्या, शनिवारचे वर्ग काढले. गुण चढलेही थोडे. पण छपराला शिकवणी लावून भागत नाही. म्हणून मंडळानं लोकांना सरळ विचारलं होतं, थोडा जास्त कर देता का? 'हो' जिंकलं तर नवी इमारत. 'नाही' जिंकलं तर शाळा बंद, आणि सहा-सात वर्षांची पोरं रोज बसनं अडतीस मैल लॉर्टनला जाणार.

बाईंनी महिनाभर गाव पालथं घातलं. घरोघरी एकेक पीचचा केक भाजून नेला. फक्त गेलन टिब्सनं दाद दिली नाही. त्याच्या अंगणात 'नाही'ची पाटी होती.

"कर वाढला की माझं कंबरडं मोडतं, बाई," तो म्हणाला होता. "केक मात्र ठेवून जा."

बाईंनी केक परत नेला.

आता त्यांनी टेबलाशी सगळ्यांना समजावलं. "पाकिटावर सही करायची, ती विसरू नका. मत गुप्त असतं, म्हणून मी बाहेर थांबते. आतला कागद माझा शुक्रवारचा पेपर समजून सोडवा. म्हणजे चूक व्हायचीच नाही."

"तुमच्या पेपरची आठवण नको," मर्ल म्हणाला. "सगळी उत्तरं बरोबर असून माझा पेपर केराच्या टोपलीत टाकला होतात!"

सगळे खो-खो हसले.

"मग पुन्हा कधी टाकावा लागला?"

"बिशाद होती का माझी?"

बाई बाहेर जाऊन व्हरांड्यात बसल्या. आत एकदम शांतता पसरली, वर्गात पसरायची तशी. बाईंना फार बरं वाटलं. थोड्या वेळानं नर्सनं बंद पाकिटं गोळा करून टपालात टाकली.

निकाल लागला. 'हो' सात मतांनी हरलं.

दोन दिवस बाई घराबाहेर पडल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी किराणा दुकानात गेलन समोर आला.

"झालं समाधान?" बाई सगळ्यांदेखत कडाडल्या. "जा आता, पोरांच्या बसला हात हलवून निरोप दे!"

गेलननं टोपी काढली. "बाई, मी शेवटी 'हो'लाच मत दिलं. बायकोलाही द्यायला लावलं. पाटी काढायची राहिली तेवढी."

"खोटं बोलताना तू तिसरीतही असाच खाली बघायचास."

त्यानं टोपी पुन्हा घातली. पाव घेऊन निघून गेला. बाईंना तेव्हा आपण बरोबर आहोत असंच वाटलं होतं. पुढे ते आठवलं की त्यांना स्वतःची लाज वाटायची.

शुक्रवारी निवडणूक कचेरीत मतांची जाहीर तपासणी होती. बाई काठी टेकत तिथे गेल्या. निवडणुकीचं काम ट्वायला बघायची. तीही त्यांचीच विद्यार्थिनी. बाईंना बघून तिचा चेहरा उतरला.

"बाई, तुम्ही कशाला आलात?"

"सात मतं कुठे गेली ते बघायला."

ट्वायला जरा घुटमळली. "वृद्धाश्रमातली अकरा बाद झाली आहेत."

बाई मटकन खुर्चीत बसल्या. "सह्या विसरले?"

"सगळ्यांच्या सह्या आहेत."

"मग गोल चुकवले असतील. मर्लचा हात थरथरत होता."

"गोल काठोकाठ भरलेत. अकराच्या अकरा 'हो'."

"मग बाद कशी?" बाईंचा आवाज चढला. "कुणी केली? गेलननं तक्रार केली का?"

"त्याचा काही संबंध नाही. मत कोणाचं आहे ते कागदावरून कळता कामा नये, बाई. कळलं तर कायद्यानं ते बाद. मी फार भांडले, पण माझ्या हातात काही नव्हतं."

"पण कळणार कसं?"

ट्वायलानं मान खाली घालून कागद त्यांच्यापुढे सरकवले.

अकराही कागदांवर, वर उजव्या कोपऱ्यात, बाईंनी तिसरीत घोटवून घेतलेल्या वळणदार अक्षरात पूर्ण नाव होतं, आणि त्याच्याखाली तारीख.